नमस्कार! मी मिरजेची, नीटची तयारी करतेय : ओळख, घरचे, पंचम, खरज आणि एक प्रश्न

जवारी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. मी श्रावणी, मिरजेची. बारावी सायन्सला आहे आणि येत्या मे महिन्यात नीट देणार. डॉक्टर व्हायचंय, जमलं तर पुढे बालरोगतज्ज्ञ.

घरात आम्ही सहाजण. बाबांचं मेडिकल आहे. मिरजेत १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव. आजही कर्नाटकातून, सोलापूरकडून, कोकणातून पेशंट येतात आणि चिठ्ठी घेऊन बाबांच्या काउंटरवर उभे राहतात. औषधांची नावं मी तिथेच बसून शिकले.

आई अंगणवाडी सेविका. तिच्या पिशवीत मुलांच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. सुट्टीत मी तिच्यासोबत जाते. एका बाळाच्या दंडावर पट्टी लालवर थांबलेली मी बघितली. आईनं त्या बाईला एका शब्दानं दोष दिला नाही. आधी खाली बसवलं, पाणी दिलं, मग बाळ काय खातं, कधी खातं, जुलाब होतात का, घरी कोण सांभाळतं, असं एकेक विचारत गेली. बाळाला तपासणीला पाठवेपर्यंत ती जागची हलली नाही. बालरोगाचं माझ्या मनात तिथूनच आलं.

आजोबा तंबोऱ्याचे कारागीर. भोपळ्याचं, दांडीचं जड काम वयामुळे सोडलंय, पण जवारी, म्हणजे तारेचा आवाज उघडा घुमावा म्हणून घोडीला द्यायचा नेमका उतार, लावून घ्यायला लोक अजून त्यांच्याकडे येतात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून कानस हलकेच फिरवायची, फुंकर मारून भुकटी उडवायची, तारेखाली सूत सरकवायचं, छेडून कान लावायचा आणि पुन्हा कानस. माझं इथलं नाव त्यावरूनच. आजी घरचं सगळं बघते. भाऊ आठवीत आहे आणि कायम मैदानावर.

राहिले दोघं. पंचम हा आमचा कुत्रा, कारवानी जातीचा, आटपाडीच्या मामानं दिलेला. लांब पाय, आत ओढलेलं पोट. आजोबांनी तंबोरा जुळवायला घेतला की हा मान वर करून सूर लावतो. खरज ही मांजर. खरज म्हणजे खालचा, जाड सा. तिची गुरगुर ऐकून आजोबांनीच नाव ठेवलं.

गाण्याच्या मी मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यात. रोज तंबोरा घेऊन बसते.

आता प्रश्न. मोठे काका म्हणतात, परीक्षा होईपर्यंत तंबोरा गवसणीत घाल आणि पंचमला आत्याकडे गावी पाठवा. बाबांनाही ते थोडं पटलंय. मला मनापासून वाटतं की या दोन्ही गोष्टींमुळे माझा अभ्यास होतो. तुमच्यात डॉक्टर आहेत, पालक आहेत, तयारी करणारे आहेत. तुम्ही काय केलंत?

भडंगप्रेमी

आगं, आपल्या सांगलीचीच की तू! स्वागत. आधी पंचमचा फोटो टाक, मग बाकीचं बोलू.

लातूर_एक्सप्रेस

स्वागत श्रावणी. मी एमबीबीएस पहिल्या वर्षाला आहे, तयारी लातूरला राहून केली. तिथे सगळं गावच परीक्षेच्या वेळापत्रकावर चालतं. मेस, अभ्यासिका, झेरॉक्सवाले, सगळे. सकाळी अभ्यासिकेत जागा धरायची, रविवारी टेस्ट, संध्याकाळी चुकलेले प्रश्न पुन्हा सोडवायचे. वातावरणाचा फायदा नक्की होतो, ते मी नाकारणार नाही.

पण मी चित्रं काढायचे आणि ती वही सोबत नेली होती. जीवशास्त्राच्या आकृत्या मी त्याच वहीत काढल्या. मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनची आकृती काढून काढून इतकी पक्की झाली की त्यावरचा प्रश्न वाचायला वेळच लागत नसे. १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे आहेत. तुझ्या छंदाला अभ्यासात कुठे जागा सापडते का बघ.

नांदेडची_आई

श्रावणी, तू छान लिहितेस, पण मी तुझ्या काकांच्या बाजूनं बोलणार आहे.

माझ्या मुलीनं दुसऱ्या प्रयत्नात सरकारी कॉलेज मिळवलं. ७२० गुणांची परीक्षा, बरोबर उत्तराला ४, चुकलं तर उणे १. म्हणजे येत असलेला एक प्रश्न घाईत चुकला की ५ गुणांचा फरक, आणि तेवढ्या गुणांत किती मुलं पुढे निघून जातात ते आम्ही यादीत बघितलंय. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी आपलीच मुलं एकमेकांसमोर असतात. खासगी कॉलेजची फी आमच्या आवाक्यात नव्हती. पहिल्या वर्षी तिचं नृत्य चालू होतं. दुसऱ्या वर्षी तिनं स्वतःहून बंद केलं, आता कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पुन्हा नाचते. वर्षभर थांबल्यानं कला मरत नाही गं. तुझ्यात ती असेल तर वाट बघेल.

डॉ_निशाचर

मी बालरोग विभागात निवासी डॉक्टर आहे, मुंबईत. सलग ड्यूटी संपवून लिहितोय.

नांदेडच्या ताईंचं गणित बरोबर आहे, पण "वर्षभर" या शब्दाशी मी सहमत नाही. नीट झाल्यावर साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग पीजीची प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षं निवासी डॉक्टर. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी म्हणतंच, एवढं होऊ दे, मग कर. माझ्या बॅचमध्ये उत्तम तबला वाजवणारा मुलगा होता, आता तबला त्याच्या घरी माळ्यावर आहे. ज्यांनी आठवड्यातला थोडा वेळ हट्टानं राखला त्यांचंच काही टिकलं. आमच्या क्षेत्रात अशी माणसं कमी नाहीत. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, आणि तिघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे.

एक कामाची गोष्ट. पेपर दुपारी २ ते ५ असतो, मे महिन्यात, जेवणानंतर. त्या वेळेला डुलकी घ्यायची सवय असेल तर आत्तापासून मोड. सराव पेपर त्याच वेळेत सोडव, उत्तरपत्रिकेतले गोल भरण्यासकट. तंबोऱ्याला रात्रीची वेळ ठेव.

भडंगप्रेमी

डॉक्टरसाहेब, झोपा आता.

गोठ्यातला_डॉक्टर

मी पशुवैद्यक, शिक्षण शिरवळला झालं. पंचमबद्दल बोलतो.

कारवानी हे पळणारं कुत्रं, सशामागे धावायला तयार झालेली जात. त्याला रोज मोकळं पळायला मिळालं नाही तर ते घर डोक्यावर घेतं, आणि मग दोष कुत्र्याला लागतो. घरात मैदानावर असणारा भाऊ आहे ना? सकाळचं पळणं त्याच्याकडे द्या. आत्याकडे पाठवण्याआधी विचार करा. माणसाला लागलेलं कुत्रं एकदम जागा बदलली की कधी कधी खाणंच सोडतं, आणि असं कुत्रं माझ्याकडे आणलं की खरं औषध त्याच्या घरीच असतं. तुझ्या मनाला तो घोर लागला तर अभ्यास कुठून होणार?

रेबीजची लस दरवर्षी देता ना? आणि जाता जाता, नीटच्या गुणांवर आमच्याकडेही प्रवेश होतो बरं. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम इंटर्नशिपसकट. परळचं कॉलेज १८८६ पासूनचं आहे, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. खिल्लार बैल, माडग्याळी मेंढ्या, कारवानी कुत्री, सगळं तुझ्याच भागातलं. मुलींची गरज आहे आम्हाला.

जवारी

सगळ्यांचे आभार, इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

@गोठ्यातला_डॉक्टर काका, लस वेळेवर होते, बाबा कॅलेंडरवर लाल खूण करतात. मामाकडे खिल्लार बैल आहेत. खरसुंडीच्या यात्रेला आम्ही सगळे जातो आणि तिथले बैल बघताना मला फार आनंद होतो. पशुवैद्यकाचा अर्ज भरायचं मी ठरवलंच आहे, पण पहिली पसंती मुलांचीच.

तुमच्याशी निगडित एक गोष्ट सांगते. काउंटरवर लोक येतात आणि म्हणतात, मांजराला ताप आहे, अर्धी पॅरासिटामॉल द्या. बाबा गोळी देत नाहीत. मांजराचं यकृत ते औषध नीट पचवू शकत नाही, रक्त बिघडतं, तोंड सुजतं, आणि अर्ध्या गोळीनंही जीव जाऊ शकतो. एक गृहस्थ चिडून म्हणाले, माणसाला चालतं ते मांजराला का नाही? बाबांनी शांतपणे दुकानाबाहेर येऊन त्यांना जवळच्या पशुवैद्यकाचा पत्ता दाखवला. मी त्या दिवशी घरी येऊन एन्झाइमचा धडा पुन्हा वाचला.

@नांदेडची_आई मावशी, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. तुमच्या मुलीनं "स्वतःहून" बंद केलं, हे मला महत्त्वाचं वाटलं.

गोठ्यातला_डॉक्टर

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. हे प्रत्येक मेडिकलवाल्यानं केलं तर किती मांजरं वाचतील. कुत्र्याला आयबुप्रोफेनही देऊ नये, तेही सांगायला सांग.

भडंगप्रेमी

डॉक्टर लोक हायतच तर विचारतो. आमच्या गल्लीत पोराला कुत्र्यानं ओरखडलं, म्हातारीनं वर मिरची लावली. बरोबर हाय का?

डॉ_निशाचर

अजिबात नाही. मिरची, हळद, चुना, तेल, काहीही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण विषाणू तिथेच कमी होतो. त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात त्वचेत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. कुत्रं पाळीव आहे की भटकं यावर वाद घालत बसू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की आमच्या हातात जवळजवळ काहीच राहत नाही. पोराला आजच न्या.

भडंगप्रेमी

निघालो घेऊन. धन्यवाद.

मिरज_जंक्शन

धागा बघून राहवलं नाही. मिरजेत गाणं आणि औषध यांची सोयरीक जुनी आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, उपचारासाठी मिरजेला आणलं. नजर पूर्ण परतली नाही, पण इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं.

मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, १९३७ साली गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशी त्यांचं दफन झालं. उरुसात आजही तिथे गवई हजेरी लावतात. आणि पोरी, तुझ्या पंचमचा पूर्वज सांगतो. खाँसाहेबांचा टिपूमियाँ नावाचा कुत्रा सुरात सूर मिसळायचा, असं जुनी माणसं सांगतात. तेव्हा मिरजेतून गाणारं कुत्रं बाहेरगावी पाठवणं मला तरी पटत नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आजोबांसारख्या कारागिरांच्या हातांचा तो मान आहे. त्यांना सांगा.

जवारी

आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि टिपूमियाँची गोष्ट त्यांच्या उस्तादांकडून ऐकल्याचं सांगितलं. मग काकांना फोन लावून तीच गोष्ट सांगितली.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितेय. माझी मुलगी इकडे प्री-मेड आहे. प्री-मेड ही इथे पदवी नसते. आधी चार वर्षांची कुठलीही पदवी घ्यायची, त्यात जीवशास्त्र, रसायन, भौतिक हे ठरावीक विषय पुरे करायचे, एमकॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि मग मेडिकल स्कूलला अर्ज. एमकॅटचे गुण ४७२ ते ५२८. माझी लेक इतिहासात पदवी करतेय आणि सोबत हे विषय.

अर्जात गुणांशिवाय आपण काय काय केलं ते लिहायचं असतं, पंधरापर्यंत नोंदी. हॉस्पिटलमधली सेवा, संशोधन, छंद, घरची जबाबदारी. आईबरोबर अंगणवाडीत जाणं, आजोबांच्या शेजारी बसून जवारी शिकणं, हे इथे अर्जाच्या पहिल्या ओळीत आलं असतं. तिकडे ते कुठेच मोजलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. पण इथलंही सगळं गोड नाही. डॉक्टर होईपर्यंत वयाची तिशी येते, शिक्षणाचं कर्ज डोंगराएवढं, आणि काही मुलं अर्जात दिसावं म्हणूनच सेवा करतात. तुझी सेवा अर्जासाठी नाही, ते तुझ्या लिहिण्यात दिसतं.

नांदेडची_आई

@हडसनकाठ ताई, तुमच्याकडची पद्धत चांगली असेल, पण आमच्या गावच्या मुलीला हॉस्पिटलमध्ये सेवा करायची ओळख कोण देणार? संशोधन कुठे करणार? एकच पेपर, सगळ्यांना एकच, मराठीतूनही देता येतो, ही आमच्यासारख्यांना मिळालेली मोठी गोष्ट आहे. माझे यजमान शाळेत शिपाई आहेत. मुलीच्या गुणांना कोणी विचारलं नाही की बाप काय करतो.

हडसनकाठ

हे मी मान्य करते. इथे ज्यांच्या घरात आधीच डॉक्टर आहेत त्यांना वाट सोपी जाते, हे डोळ्यांनी बघतेय.

तरंग_सर

निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक. मुली, तुला तरंगांचा धडा कसा वाटतो?

जवारी

सर, भौतिकशास्त्रच मला सगळ्यात अवघड जातं. तरंगांची सूत्रं पाठ आहेत, पण प्रश्न फिरवून आला की अडते.

तरंग_सर

मग तंबोरा गवसणीत घालू नकोस, तो तुझी प्रयोगशाळा आहे. तारेतून मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरही निघतात, ते स्वरांश. तार मधोमध छेडली की तिच्या मध्यबिंदूवर ज्यांचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, येतो ते सगळे सम स्वरांश निघायला नकोत, असं नियम सांगतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. तंबोरा आणि वीणा यांत, नियमानं जे स्वरांश गायब असायला हवेत तेही ठणठणीत ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. कारण घोडी. तिचा पृष्ठभाग रुंद आणि किंचित उतरता असल्यामुळे तार एका टोकदार बिंदूवर टेकत नाही, थरथरताना घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्श करत राहते. तुझे आजोबा कानशीनं जे करतात ते हेच. आज रात्री त्यांच्या शेजारी बस, सूत काढून ऐक, सूत घालून ऐक, आणि मग धडा उघड.

सोपा प्रश्न देतो. तारेवरचा ताण चौपट केला, लांबी तीच, तर वारंवारता किती पट?

लातूर_एक्सप्रेस

सर, तुम्ही आम्हाला शिकवायला लातूरला असतात तर! आम्ही हा धडा नुसता घोकला.

जवारी

दुप्पट, सर. ताणाचं वर्गमूळ.

सर, काल रात्री तुम्ही सांगितलं तसं केलं. सूत काढल्यावर आवाज बोथट, सरळ. सूत घालून आजोबांनी ते केसभर सरकवलं आणि आवाज एकदम उघडला, गंधार आपोआप ऐकू यायला लागला. मी विचारलं हा गंधार कुठून आला, कुणी लावलाच नाही. तर आजोबा म्हणाले, तो तारेतच असतो, जवारी त्याला वाट देते. मग मी वहीत मांडलं : षड्जाचा पाचवा स्वरांश. बाबाही येऊन बसले होते. आजोबांनी त्यांना तीच तार दोनदा ऐकवली.

तरंग_सर

पाचवा, बरोबर. रोज एक प्रश्न देतो, इथेच उत्तर लिहायचं.

नांदेडची_आई

श्रावणी, गंधाराचं वाचलं. मी मत पूर्ण बदललेलं नाही, पण तुझ्या बाबतीत थोडं सरकले. माझ्या दोन अटी ऐक. एक, तंबोऱ्याची वेळ घड्याळावर, जेवण झाल्यावर अर्धा तास, आणि टेस्टच्या आदल्या रात्री तोही नाही. दोन, एप्रिलमध्ये पाहुणे, लग्नं, यात्रा सगळं बंद. मुलांचा वेळ तंबोरा खात नाही, पाहुणे खातात. आमच्या घरी पहिल्या वर्षी ऐन एप्रिलमध्ये लग्नघर होतं. काकांना सांग, पंचमला हलवण्याऐवजी पाहुण्यांना थांबवा.

डॉ_निशाचर

ताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. अनुमोदन.

भडंगप्रेमी

पोराला लसीचा पहिला डोस झाला, म्हातारीला पण दवाखान्यातल्या सिस्टरनी नीट समजावलं. पंचमचा फोटो अजून आला नाही.

जवारी

मावशी, दोन्ही अटी मान्य. कागदावर लिहून आईनं फ्रीजला चिकटवल्यात.

घरचं ठरलं ते सांगते. पंचम इथेच राहतोय. सकाळचं पळणं भावाकडे, जेवण आजीकडे, लसीचं बाबांकडे. काकांनी एप्रिलचे पाहुणे त्यांच्या घरी उतरवायचं कबूल केलंय, आणि ते मला सगळ्यात मोठं वाटलं. तंबोरा रात्री जेवणानंतर. दुपारी २ ते ५ सराव पेपर सुरू केलाय, पहिले दोन दिवस डोळे मिटत होते, आता जमतंय.

@लातूर_एक्सप्रेस ताई, बोर्डाचं पुस्तक आणि एनसीईआरटी दोन्ही वाचताना वनस्पतिशास्त्रात माझा गोंधळ होतो. तुम्ही आधी कुठलं वाचायचा?

लातूर_एक्सप्रेस

आधी एनसीईआरटी ओळ न ओळ, मग बोर्डाच्या पुस्तकातलं जास्तीचं समासात लिहायचं. उद्या माझ्या पानांचे फोटो पाठवते. तू पंचमचा पाठव.